एकसष्ट हजार एकशे अकरा

सतीश ओव्हाळच्या महाराजा सोफ्यावर सात वर्षांत अंदाजे दीडशे नवरदेव बसून गेले होते. त्यातले बरेच घाबरलेले असत, त्यामुळे सोफ्याला काळजीची सवय होती. सतीशला ती लागली सोफा विकला गेला त्या दिवसापासून.

सोफा तसा देखणा. लाल मखमल, सोनेरी रंग, दोन्ही हातांशी फायबरचे सिंह. डाव्या सिंहाचा कान एका वरातीत उडाला होता, पण फोटो उजवीकडून काढला की कळत नसे. नांदूरघाटात मंडप-डेकोरेशनचा सतीशचा धंदा याच सोफ्यावर उभा होता. आता लग्नं लॉन्सवर होऊ लागली होती आणि लॉन्सवाल्यांच्या सोफ्यांच्या सिंहांना दोन-दोन कान होते. तेव्हा सतीशने धंदा बदलायचं ठरवलं आणि मालवाहतुकीसाठी एक पिकअप बघितला.

पिकअप जप्तीचा होता. हप्ते थकलेल्या कुणाकडून एका फायनान्स कंपनीने तो ओढून आणला होता आणि ऑनलाइन लिलावात काढला होता. सतीशने बोली लावली आणि ती त्याच्याच नावावर सुटली. त्रेपन्न हजार अनामत भरून झाली. उरलेले पैसे शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत भरायचे, नाही भरले तर अनामत जप्त. हे वाक्य कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात होतं आणि सतीशला रात्री डोळे मिटले की जाड अक्षरात दिसायचं.

बायकोची भिशी, पतसंस्थेचं कर्ज आणि मेव्हण्याने तोंड वाकडं करून दिलेले पैसे एकत्र केल्यावरही साठ हजार कमी पडत होते. ते सोफ्यातून यायचे होते. म्हणजे त्रेपन्न हजारांचा जीव त्या एककानी सिंहाच्या पाठीवर होता.

सोफा विकायला काढला तो 'केज-धारूर जुना माल लिलाव (फक्त कामाचे मेसेज)' या ग्रुपवर. ग्रुपमध्ये नऊशे माणसं होती आणि कामाचे मेसेज सोडून सगळं येत असे. चालवणारा पप्पू, केजला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला. त्याने अकरा नियम लिहून ठेवले होते. सातवा असा, की बोली जिंकणाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पैसे भरावेत, न भरल्यास ग्रुपमधून काढण्यात येईल. हे नियम रोज सकाळी गुलाबाच्या फुलाखाली पाठवले जात. लोक फुलाला हात जोडत आणि पुढे जात.

रविवारी चार ते पाच लिलाव झाला. वीस हजारांपासून सुरू झालेली बोली साखराबाईंनी एक्केचाळीस हजारांवर नेली. साखराबाईंचं केजला ब्युटी पार्लर होतं. एक्केचाळीसला सगळे गप्प झाले. सतीशने घड्याळ बघितलं, चार पन्नास. आणि तेवढ्यात धारूरजवळच्या घाटातल्या एका गावचे मुंजाजी तोंडे आले, थेट पंचेचाळीस हजार एकशे अकरा घेऊन. त्यांच्याच गावच्या बजरंगने एक्कावन्न हजार एक्कावन्न केले. मुंजाजी पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न. बजरंग एकसष्ट. मुंजाजी एकसष्ट हजार एकशे अकरा. पप्पूने एकवार, दोनवार, तीनवार लिहिलं आणि पाच वाजता नारळाचं चित्र टाकलं.

सतीशच्या बायकोने, पौर्णिमाने, आकडे वाचून विचारलं, "हे लोक सरळ आकडा का बोलत नाहीत? एकशे अकरा कशाला?"

सतीश म्हणाला, हौस असते एकेकाला. साठाच्या जागी एकसष्ट येत असताना मागच्या एकशे अकराची चौकशी करावी, असं त्याला वाटलं नाही. ग्रुपमध्ये मुंजाजींच्या अभिनंदनाचे दोनशे मेसेज आले. एकाने त्यांचा फेटा बांधलेला फोटो टाकला, खाली लिहिलं, 'सिंहासनाचे मानकरी'. सतीशने सुद्धा हात जोडले.

सोमवारी सकाळी त्याने फोन केला. मुंजाजी पंचावन्नच्या आसपासचे, म्हशी राखणारे, आवाज घाटाच्या या टोकाचा त्या टोकाला जाईल असा.

"तात्या, मग कधी करताय?" सतीशने विचारलं. पैसे हा शब्द पहिल्याच फोनवर बरा दिसत नाही म्हणून तो गाळला.

"आमचं कधीबी. तुमी म्हनाल तवा."

"मी तर म्हणतो आजच उरका."

"आज हलगीवाले सुपारीला गेलेत. उद्या करू."

हलगीवाल्यांचा आणि पैशांचा काय संबंध, हे सतीशला कळलं नाही. मुंजाजींना फोनवरून पैसे पाठवता येत नसतील आणि हलगीवाल्यांपैकी कुणाला येत असतील, अशी त्याने समजूत करून घेतली. गरजवंत माणसाची समजूत पटकन होते.

मंगळवारी त्याने पुन्हा फोन केला. मुंजाजी म्हणाले, सगळे जमलेत, सकाळपास्नं नुसता चहा चाललाय, तुमचीच वाट हाय. सतीश म्हणाला, मी इकडे फोन हातात धरूनच बसलोय. मुंजाजी म्हणाले, बसा बसा, आमी बी बसलोय. दिवसभर दोन गावांत दोन माणसं अशी एकमेकांसाठी बसून राहिली. संध्याकाळी सतीशच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. त्याने तो घाईने उघडला. खात्यात ठरावीक शिल्लक न ठेवल्याबद्दल दंड कापला होता.

पाच वाजले. अठ्ठेचाळीस तास संपले. कंपनीचे बहात्तर उरले.

बुधवारी तो केजला पप्पूच्या दुकानात गेला. पप्पू एका फोनचं पोट उघडून बसला होता. त्याने वर न बघता सांगितलं, की नियम सात लागू झाला, मुंजाजीला आता ग्रुपमधून काढतो.

"काढून काय होईल?"

"त्याला वाईट वाटंल."

"आणि माझे पैसे?"

"त्याचा नियम न्हाई बे."

काढू नका, एवढं सांगून सतीशने बजरंगला फोन लावला. तुमची बोली दुसरी होती, एकसष्टला घेता का, असं विचारलं. बजरंगने मोकळेपणाने सांगितलं, की त्याला सोफा घ्यायचा नव्हताच. मुंजाजीला वर चढवायचं होतं, तो चढला, काम झालं. आपल्या दारात म्हशी बसतात आणि त्यांना सोफा लागत नाही, असंही त्याने जोडलं.

उरल्या साखराबाई. त्या एका नवरीच्या भुवया कोरत होत्या, तशाच कोरता कोरता बोलल्या. सोफा त्यांना खरंच हवा होता, नवरीचे फोटो काढायला. एक्केचाळीस हजार शुक्रवारी सकाळी रोख देणार होत्या. पण एक अट घातली.

"त्या माणसानं सोफा सोडला असं ग्रुपवर सगळ्यांदेखत आलं पायजे. न्हाईतर उद्या तो मानकरी माझ्या दारात येऊन बसंल. मला लेडीज पार्लर चालवायचंय."

सतीश घरी आला. जेवण गेलं नाही. त्याने हिशोब तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो बरोबर आला, हेच वाईट होतं. मुंजाजींना ग्रुपमध्ये चारचौघांत फसवा म्हणावं, तर ते सोफा सोडणार नाहीत. न म्हणावं, तर पैसे देत नाहीत. सोफा आणि शुक्रवार दोन्ही मुंजाजींच्या ताब्यात होते आणि मुंजाजी चहा पीत होते.

पौर्णिमा अंगणवाडी सेविका होती. दारोदार जाऊन, कुणाला किती मुलं आणि कुणाला कुठली लस राहिली, हे विचारण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. ती म्हणाली, "फोनवर काय कळतंय? उद्या जाऊ. समोर बसून विचारलं की माणूस खरं तरी बोलतो, नाहीतर पायाकडं तरी बघतो."

गुरुवारी दोघं मोटरसायकलवरून निघाले. धारूरच्या अलीकडे चढ लागला तेव्हा सतीशने मनातल्या मनात चार वाक्यं पाठ केली. त्यातली दोन कायद्याची होती. कायदा कोणता, हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून ती जोरात म्हणायचं ठरवलं होतं.

मुंजाजींचं घर विचारावं लागलं नाही. रस्त्याला बॅनर होता. बॅनरवर फेट्यातले मुंजाजी, मागे सोफा, आणि सोफ्याच्या डाव्या सिंहाला दोन्ही कान. बॅनर करणाऱ्याने उजव्याचा उचलून लावला असावा. अंगणात नवं पत्र्याचं शेड होतं, खाली शेणाने सारवलेला चौकोन, बरोबर सोफ्याच्या मापाचा. कडेला चार हलगीवाले हलग्या उन्हात तापत ठेवून बसले होते. मोटरसायकल दिसताच त्यांनी हलग्या उचलल्या.

मुंजाजींनी हात जोडले आणि मोटरसायकलच्या मागे रस्त्याकडे बघितलं. "टेम्पो मागून येतोय व्हय?"

"कसला टेम्पो?"

"सोफ्याचा."

सतीशची पाठ केलेली चारही वाक्यं गेली. "तात्या, आधी पैसे नकोत का?"

"कसले?"

"बोलीचे. एकसष्ट हजार."

"एकसष्ट हजार एकशे अकरा," मुंजाजींनी दुरुस्त केलं. "ते काय कुटं चाललेत? जत्रंला देतो की."

सतीशच्या जिवात जीव आला. "जत्रा कधी आहे?"

"झाली की. मागल्या म्हैन्यात. आता पुढल्या साली."

पौर्णिमाने पायाकडे बघितलं. मुंजाजींच्या पायाकडे. मुंजाजी स्वतः तिकडे बघत नव्हते.

मग चहा आला आणि चहाबरोबर सगळा उलगडा झाला. गावात भैरोबाची जत्रा भरते. जत्रेत देवाचा नारळ, देवाचा फेटा, निशाणाची काठी यांचा लिलाव होतो. बोली शुभ आकड्यात बोलायची. जिंकला त्याच्या घरी वस्तू त्याच दिवशी हलगी लावून पोचती करायची, आणि पैसे त्याने पुढच्या जत्रेला, सगळ्यांदेखत द्यायचे. मधल्या वर्षात कुणी मागायचे नाहीत. मागणं म्हणजे त्या माणसावर विश्वास नाही असं बोलणं. मुंजाजींनी चौदा वर्षांत तीन नारळ आणि दोन फेटे घेतले होते आणि एक पैसा मागे ठेवला नव्हता. त्यांनी हलगीवाल्यांना विचारून घ्यायला सांगितलं. हलगीवाल्यांनी मान हलवली. पप्पूच्या ग्रुपवर लिलाव म्हटल्यावर लिलाव, आणि शेवटी पप्पूने नारळ टाकलाच होता. मुंजाजींना उलट प्रश्न पडला होता, की सोमवारपासून सांगूनही सोफा का येत नाही.

"कावून असं केलं तुमी, तेच मला समजंना," ते म्हणाले. "तुमच्या नांदूरघाटला जत्रेत लिलाव होत न्हाई का?"

"होतो."

"मग पैशे कवा देतेत?"

सतीश कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "ते माहीत नाही तात्या. आम्हाला तो लाउडस्पीकरवर ऐकू येतो. आकडे ऐकू येतात. पैसे कधी देतात ते स्पीकरवर सांगत नाहीत."

आमच्या वस्तीतल्या कुणाला तिथे बोली लावायला बोलवत नाहीत, असं तो म्हणाला नाही. मुंजाजींनी ते ऐकलं असावं. त्यांनी घरात आवाज दिला, की पाहुण्यांना अजून चहा आणा, बशीत बिस्किटं बी टाका.

बिस्किटं आली. घड्याळात साडेतीन झाले होते. सतीशने मग पिकअप, अनामत आणि उद्याचे पाच हे सगळं सांगून टाकलं. मुंजाजींनी मन लावून ऐकलं. सोफा परत सोडा म्हटल्यावर मात्र त्यांनी समोरच्या घराकडे बघितलं. समोरच्या ओट्यावर बजरंग म्हशीला धुवत होता. एकाच म्हशीला तो बराच वेळ धुवत होता.

"सोडला म्हनून गुरूपवर टाकलं, तर हे बेणं गावभर बोंबलंल. मुंजाजीनं बोली बुडवली म्हनून. मग मी जत्रंत तोंड कुटं घालू?"

पौर्णिमाने रुमालाने ओठ पुसले आणि अंगणवाडीच्या आवाजात, एखाद्या बाईला पोराच्या वजनाबद्दल विचारावं तसं विचारलं, "तात्या, लिलावात घेतलेली वस्तू कुणी देवाला परत देतं का हो?"

"देतेत की. मी येकदा नारळ परत देलता. पुन्हा लिलावात टाकला देवस्थाननं. लई मोठा मान असतो त्येला."

"आणि पहिली बोली? ती माफ?"

मुंजाजी दुखावले. "माफ कशी? नारळ माघारी जातो, बोली माघारी जात न्हाई. ती द्यावीच लागती."

"मग सोफा परत द्या ना."

एका हलगीवाल्याने चुकून हलगीवर बोट मारलं आणि लगेच हात मागे घेतला. मुंजाजींनी फेटा काढला, डोकं खाजवलं, फेटा पुन्हा घातला. मग सतीशकडे फोन दिला आणि सांगितलं, मी बोलतो ते लिहा. सतीशने लिहिलं: 'मी मुंजाजी तोंडे, एकसष्ट हजार एकशे अकरा रुपयांस घेतलेले सिंहासन मोठ्या मनाने माघारी देत आहे. माझी बोली कायम आहे. ते गरजूस द्यावे.' मोठ्या मनाने हे शब्द मुंजाजींचेच होते.

पाच मिनिटांत ग्रुपमध्ये तीनशे टाळ्या पडल्या. साखराबाईंचा फोन आला, की गरजू हा शब्द त्यांना आवडला नाही, पण उद्या सकाळी नऊला टेम्पो पाठवते. समोरच्या ओट्यावर बजरंगने फोन बघितला आणि म्हैस धुणं थांबवलं.

सतीशने बोटांवर हिशोब केला. एक्केचाळीस आले. एकोणीस उरले. शुक्रवार तसाच होता.

त्याने धीर करून म्हटलं, "तात्या, बोली कायम आहेच तुमची. त्यातले एकोणीस हजार आज दिले तर..."

"न्हाई," मुंजाजी म्हणाले. त्यात राग नव्हता. जत्रेआधी बोलीतला एक रुपया जरी दिला, तरी गाव म्हणेल, लोक येऊन मुंजाजीच्या दारात बसले तेव्हा त्याने काढले. सगळ्यांदेखत द्यायचे पैसे असे अंगणात बिस्किटांवर देता येत नाहीत. पुढच्या जत्रेला या, मानाने घेऊन जा, जेवण करून जा.

सतीश उठला. मोटरसायकलची किल्ली खिशात सापडेना. ती हातातच होती. पौर्णिमा मात्र उठली नाही.

"बोलीतले नकोत तात्या," ती म्हणाली. "उसने द्या."

"उसने?" मुंजाजींचा चेहरा मोकळा झाला. "मग तसं बोला की. उसन्याला कोन न्हाई म्हनतंय."

ते आत गेले आणि दुधाच्या पैशांची पिशवी घेऊन बाहेर आले. सतीशला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. पण पैसे खरे होते आणि त्यांना दुधाचा वास होता. ते खिशात घालताना त्याने एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणाला, हे एकोणीस पुढच्या जत्रेला तुमच्या एकसष्टातून वळते करून घेऊ.

मुंजाजींनी त्याच्याकडे पहिल्यांदाच संशयाने बघितलं. "त्ये पैशे येगळे, हे येगळे. मिसळायचं न्हाई. उसन्याला म्हैनाभर. म्हैन्याच्या वर उसनं ठेवू नये मानसानं."

शुक्रवारी सकाळी टेम्पो आला. साखराबाईंनी सिंहाचा कान बघितला, पाचशे रुपये कमी केले आणि सोफा नेला. पाचशे सतीशने गल्ल्यातून काढले आणि बीडला पोचला. कंपनीच्या शाखेत पावणेचारला नंबर लागला. चार वाजता सर्व्हर बंद पडला. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, येईल. सतीश भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहिला, म्हणजे ते दिसू नये. त्याच्या मागे चार माणसं होती आणि सगळ्यांच्या हातात तसाच बारीक अक्षरांचा कागद होता. सव्वाचारला सर्व्हर आला, साडेचारला गेला. पौर्णिमाचे तीन फोन आले. त्याने एकही उचलला नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. चार बावन्नला पावती निघाली. त्याने ती दोनदा वाचली आणि बाहेर येऊन पायरीवर बसला.

पिकअप चालू लागला. केजहून कांदा, परत येताना सिमेंट. पहिल्या महिन्यात डिझेल, टायर आणि एकदा गिअर बॉक्स यांनी मिळकत खाल्ली. विसाव्या दिवशी मुंजाजींचा पहिला फोन आला, नुसती तब्येतीची चौकशी. पंचविसाव्या दिवशी दुसरा आला, त्यात म्हशींच्या तब्येतीची चौकशी होती आणि पेंड महागल्याचं दुःख होतं. सत्ताविसाव्या दिवशी तिसरा आला तेव्हा सतीश गाडी चालवत होता. अठ्ठाविसाव्या दिवशी आला तेव्हा चालवत नव्हता, तरीही त्याने उचलला नाही. पुढच्या जत्रेला एकसष्ट हजार एकशे अकरा येणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण त्याला अजून दहा महिने होते. तोवर फोनवर तात्यांचं नाव आलं की तो फोन पालथा ठेवायचा.

महिना उलटून तिसऱ्या दिवशी सतीशने मंडपाच्या उरलेल्या खुर्च्या ग्रुपवर विकायला काढल्या. अंबाजोगाईकडच्या एका माणसाने विचारलं, की हे ओव्हाळ कोण, व्यवहाराला कसे आहेत, कुणाला अनुभव आहे का.

सिमेंटची पोती उतरेपर्यंत सतीश गाडीतच बसून होता. स्क्रीनवर मुंजाजी तोंडे लिहीत आहेत असं दिसलं. ते बराच वेळ लिहीत होते.

मग आलं, 'मानूस चांगला हाय. घरचे लई चांगले हायेत. फक्त पैशाला जरा लांबतो.'

पहिला अंगठा बजरंगचा होता.